पाच रुपयांचा पुडा आणि समभागाचे मोल

मंदीची चाहूल लागली की शेअर बाजारात एक सल्ला हमखास कानी पडतो : मोटारी, पोलाद, घरबांधणी सोडा आणि खाद्यपदार्थ बनविणाऱ्या बड्या कंपन्यांचे समभाग घ्या. माणूस मोटारीची खरेदी पुढे ढकलेल. पण चहाबरोबरचे बिस्किट सोडणार नाही, असा त्यामागील तर्क. तो कितपत खरा आहे, हे ब्रिटानिया इंडस्ट्रीजच्या उदाहरणावरून तपासण्यासारखे आहे.

एप्रिल ते जून २०१९ या तिमाहीत देशाच्या आर्थिक वाढीचा दर, तेव्हा जाहीर झालेल्या आकडेवारीनुसार, ५ टक्क्यांवर घसरला होता. त्याच ऑगस्टमध्ये कंपनीचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक वरुण बेरी यांनी, ग्राहक पाच रुपयांची वस्तू घेतानाही दोनदा विचार करीत आहे, अशी चिंता व्यक्त केली. बिस्किटांचा मोठा ग्राहक ग्रामीण व अल्प उत्पन्न गटातील असतो. त्याची मिळकत आटली, की मंदी पुड्यापर्यंतही पोहोचते.

पुढच्याच वर्षी चित्र पालटले. टाळेबंदीमुळे एप्रिल ते जून २०२० मध्ये अर्थव्यवस्था जवळपास पावपट आक्रसली. ब्रिटानियाचा नफा मात्र आदल्या वर्षीच्या तुलनेत दुपटीहून अधिक झाला. उपाहारगृहे बंद होती आणि घरोघरी टिकाऊ खाद्यपदार्थांचा साठा केला जात होता. तात्पर्य, सगळ्या मंदी सारख्या नसतात. मंदी कोणाचा खिसा रिकामा करते, हे पाहावे लागते.

दुसरा प्रश्न खर्चाचा. मैदा, पामतेल, साखर आणि दूध यांचे भाव कंपनीच्या हाती नसतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध आणि इंडोनेशियाची निर्यातबंदी यांमुळे पामतेल कडाडले. पाच रुपयांच्या पुड्याची किंमत सहजी वाढविता येत नाही. म्हणून त्यातील बिस्किटांचे वजन घटविले जाते. त्यामुळे केवळ रुपयांतील विक्री पाहून भागत नाही. किती टन माल खपला, हा आकडा अधिक बोलका असतो. करांचाही भार असतोच : जुलै २०१७ पासून बिस्किटांवर १८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला.

तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा समभागाच्या किमतीचा. सुरक्षिततेच्या ओढीने अशा समभागांना मोठे मोल दिले जाते. प्रति समभाग मिळकतीच्या पन्नासपट भाव मोजला, तर मिळकत न वाढल्यास ती रक्कम भरून निघण्यास पन्नास वर्षे लागतील! साबणापासून चहापर्यंत वस्तू विकणाऱ्या हिंदुस्थान लिव्हरचा, म्हणजे २००७ नंतरच्या हिंदुस्थान युनिलिव्हरचा समभाग २००० ते २०१० या दशकात जवळपास जागच्या जागी राहिला. कंपनी उत्तम होती. आरंभीची किंमत अवाजवी होती.

म्हणून मंदीत खाद्य कंपनीकडे वळताना खपाचे वजन, कच्च्या मालाचे भाव, कर्जाचा बोजा आणि मिळकतीच्या तुलनेत समभागाचा भाव, या चार गोष्टी तपासाव्यात. पहिल्या तिन्ही अनुकूल असल्या तरी चौथी विपरीत असेल, तर थांबण्यातच शहाणपण आहे. निवृत्तीची पुंजी गुंतविणाऱ्याने तर हे पथ्य अधिकच कसोशीने पाळावे.