टँगो: पावलांच्या आधी मिठी

सिनेमातल्या टँगोत दातांत गुलाब धरलेला पुरुष आणि मागे झुकलेली बाई असते. ब्वेनोस आयरेसच्या नाचघरात असं कोणी करत नाही. तिथे जोडपी गर्दीतून वाट काढत, जवळजवळ चालतच नाचतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ला प्लाता नदीकाठच्या ब्वेनोस आयरेस आणि मॉन्टेव्हिडिओ या बंदरांत हा नाच घडला. २००९ मध्ये अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोघांच्या नावाने युनेस्कोने तो अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. त्यात आधी बसवलेला नाच नसतो. पुढचं पाऊल लीडर ऐन वेळी ठरवतो आणि फॉलोअरला ते अंगावरून कळतं. ते कळत नसेल, तर दोष बहुधा पावलांत नसतो.

वजन कोणत्या पायावर?

पहिल्या सरावाला संगीतही लागत नाही. समोरासमोर उभं राहून एकमेकांचे दंड धरायचे आणि फॉलोअरने डोळे मिटायचे. लीडरने जागा न सोडता वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, तेही पूर्ण. मोकळा पाय उचलला तरी अंग डगमगता कामा नये. मग मध्येच थांबून विचारायचं, "आत्ता कोणत्या पायावर आहेस?" उत्तर चुकलं, तर पुष्कळदा लीडरचंच वजन दोन्ही पायांत वाटलेलं सापडतं. हा सराव कंटाळवाणा, म्हणून वर्गात तो झटपट उरकून लोक नव्या स्टेप्सकडे वळतात. माझ्या मते बहुतेक जोड्यांचं तिथेच बिनसतं.

मिठी

लीडरचा उजवा हात फॉलोअरच्या पाठीभोवती, डाव्या हातात तिचा उजवा हात, तिचा डावा हात त्याच्या खांद्यावर किंवा पाठीवर. (लीडर पुरुषच असावा असं काही नाही.) मिठी सैल असो वा छातीला छाती भिडलेली, कसोटी एकच: ती अचानक सुटली तर कोणीही तोंडघशी पडू नये. एकमेकांवर मुद्दाम रेलण्याचीही एक शैली आहे, पण स्वतःचा तोल स्वतःला सांभाळता येईपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नये. खांदे कानांकडे चढू लागले, की श्वास सोडून ते खाली आणावेत. मिठी आवळल्याने संपर्क वाढत नाही, फक्त दोघांचे हात भरून येतात.

चाल

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवावा. पुढे जायचं ठरलं, की आधी लीडरची छाती किंचित पुढे येते, पाय त्यानंतर निघतो. त्या इशाऱ्यावर फॉलोअर मोकळा पाय कमरेपासून मागे लांबवते. आधी बोटं जमिनीला लागतात, पण वजन अजून पुढच्याच पायावर असतं. लीडरचं धड पुढे सरकू लागलं, की त्याच्याच गतीने तिचंही वजन मागे जातं. या मधल्या क्षणी घाई झाली की सगळं फिसकटतं. लीडर हाताने ढकलू लागतो, नाहीतर फॉलोअर अंदाजानेच पाऊल टाकून मोकळी होते.

अंदाजाची सवय लावण्यात शिकवण्याचाही हात आहे. वर्गात आठ पावलांचा ठरलेला क्रम पाठ करून घेतात, त्यात पाचव्या पावलाला फॉलोअरचे पाय एकमेकांवर येतात. वर्षभर हेच घोटलं, की लीडरने सुचवलं नसलं तरी ते येतातच. शिवाय त्या पाठांतरातलं लीडरचं पहिलं पाऊल मागे पडतं. मिलोंगात, म्हणजे टँगोच्या मैफलीत, सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात. तिथे मागे टाकलेलं पाऊल थेट मागच्या जोडीच्या पायावर पडतं.

ओचो

ओचोत पाय जमिनीवर आठाचा आकडा काढतात. आधी बरगड्या वळतात, कंबर मागाहून येते. चवड्यावर गिरकी घेताना टाच जमिनीपासून जेमतेम सुटलेली असते आणि पुढच्या पावलाआधी दोन्ही घोटे जवळ येतात. गिरकी पुरी होईपर्यंत लीडरने थांबायचं. रबरी तळव्याच्या बुटांवर हा सराव टाळावा. पाय जमिनीला चिकटतो आणि पीळ गुडघ्याला बसतो. चामडी तळवा बरा.

संगीत

हुआन दारिएन्सोच्या वाद्यवृंदात ठेका टोकदार असतो, विशेषतः १९३५ च्या अखेरीस रोदोल्फो बियाजी पियानोवर आल्यानंतर. त्यावर पावलं छोटी आणि नेमकी ठेवावीत. कार्लोस दी सार्लीची व्हायोलिनं लांबवर वाहतात. चालीच्या सरावाला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. ओस्वाल्दो पुग्लिएसे लय ताणतो, मध्येच थांबतो. नवख्यांनी त्याच्यावर नाचण्याआधी तो भरपूर ऐकावा.

मैफलीत सलग तीन-चार गाण्यांचा संच वाजतो, त्याला तांदा म्हणतात. तांदाभर जोडीदार सहसा बदलत नाही, त्यामुळे पहिलं गाणं एकमेकांचा अंदाज घेण्यात गेलं तरी चालतं. ब्वेनोस आयरेसमध्ये तर गाणं सुरू झाल्यावरही जोड्या काही क्षण गप्पा मारत उभ्या असतात आणि मग मिठीत येतात.

भूमिका बदला

जुन्या ब्वेनोस आयरेसमध्ये मुलगे आपापसांतच शिकत. नवख्याला आधी फॉलोअर व्हावं लागे, बाईबरोबर नाचण्याची पाळी पुष्कळ नंतर येई. आजही सरावात एखादं गाणं अदलाबदल करून पाहावं. दंडाला बसलेला हिसका लीडरला स्वतः सोसावा लागतो, आणि फॉलोअरला समजतं की गर्दीत पुढची जागा मोकळी होईपर्यंत लीडर एकाच जागी वजन का बदलत राहतो.