पुन्हां आकसणारी धमनी



कऱ्हाडनजीकच्या खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघून सांगलीकडे जाणारा कृष्णा कालवा आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल. अशा कालव्यांतील गाळ उपसतांना कांठ खरवडला गेला, तर तेथें झुडपें माजतात व पाणी पुन्हां अडूं लागतें. हृदयाच्या धमनीचेंहि असेंच आहे. चरबीचा थर हा गाळ. पण आज बोलावयाचें आहे तें कांठाविषयीं.

१६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिच येथें आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनीं बारीक नळीच्या टोकावरील फुगा फुगवून हृदयाच्या धमनीची वाट प्रथमच मोकळी केली. परंतु या उपायानंतर सुमारें तीन रोग्यांमागें एकाची धमनी सहा महिन्यांच्या आंतच पुन्हां आकसे. १९८६ पासून स्टेंट, म्हणजे धातूची जाळीदार नळी, बसवूं लागले. तेव्हां हें प्रमाण घटलें, पण प्रश्न सुटला नाहीं.

याचें कारण काय? फुग्याच्या दाबानें धमनीचें नाजूक अस्तर फाटतें. शरीर ती जखम भरूं लागतें; त्या भरांत मधल्या थरांतील स्नायुपेशी आंत सरकतात व बेसुमार वाढतात. म्हणजे हा रोग नव्हे, तर जखम भरण्याचा अतिरेक होय. पुढें औषधाचा लेप दिलेले स्टेंट आले. ते ही वाढ रोखतात. पण त्याबरोबर अस्तराची वाढहि मंदावते. धातु उघडा राहिला कीं त्यावर रक्ताची गुठळी होण्याचें भय असतें.

तेव्हां हवें आहे तें असें कांहीं, कीं जें स्नायूला आवरील आणि अस्तराला वाढवील. येथें एक्झोसोमचें नांव पुढें येतें. पेशी ज्या सूक्ष्म पिशव्या बाहेर टाकतात त्या ह्या. त्यांचा आकार मिलिमीटरच्या सुमारें दहा हजाराव्या भागाएवढा. १९८३ मध्यें त्या अपक्व रक्तपेशींत आढळल्या, तेव्हां केवळ केरकचराच वाटल्या. पुढें कळलें कीं, एका पेशीचे निरोप दुसरीकडे पोंचविणाऱ्या त्या थैल्या आहेत. मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, मिळविलेले एक्झोसोम स्टेंटवर बसवून उंदरांवर प्रयोग झाले. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगांत अस्तर लवकर भरलें व धमनी कमी आकसली.

तथापि उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. मात्रा किती, शुद्धता कशी राखावी, प्रत्येक खेप सारखी कशी उतरावी, हे प्रश्न अद्याप शिल्लक आहेत. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें डिसेंबर २०१९ मध्येंच मान्यता नसलेल्या एक्झोसोमच्या उपचारांपासून जनतेला सावध केलें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारहि, प्रामुख्यानें रक्ताच्या ठराविक विकारांसाठीं होणारें रोपण वगळतां, मूलपेशींचा वापर रीतसर चाचणींतच करावयाचा आहे. म्हणून कोणी या नांवाची सुई विकूं लागला, तर मिरजेंत असो वा साताऱ्यांत, प्रथम मान्यतेचा कागद मागावा.

आणि ज्यांच्या घरीं स्टेंट बसविलेलें माणूस आहे, त्यांस एवढेंच सांगणें, कीं रक्त गोठूं न देणाऱ्या गोळ्या डॉक्टरांस विचारल्यावांचून एक दिवसहि बंद करूं नयेत. उद्यांचा उपाय येईल तेव्हां येवो. आजचा उपाय हातचा सोडूं नये.