हाडावरची अक्षरं, साठ दिवसांचं चक्र

चीनमधल्या आनयांगजवळ सापडलेल्या बैलाच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवाच्या पोटाकडच्या कवचांवर शांग राजांचे प्रश्न कोरलेले आहेत : पाऊस पडेल का, पीक येईल का, अगदी राजाची दाढदुखी थांबेल का! हे लेखन 3,000 वर्षांहून जुनं. ‘सूर्य’ म्हणजे मध्ये खूण असलेलं वर्तुळ, पण टणक हाडावर गोल कोरणं अवघड, म्हणून ते अनेकदा चौकोनी झालं. मुलांना साबणाच्या वडीवर बोथट खिळ्यानं ते कोरू द्या. कारण आपोआप उमगेल.

दिवस मोजायला दोन याद्या होत्या, एक 10 चिन्हांची, दुसरी 12 ची. पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांवर ती लिहा आणि रोज दोन्ही एकेक घर पुढे सरकवा. पहिली जोडी पुन्हा जुळते 61व्या दिवशी. 120 घरं का लागत नाहीत, हे मुलांनाच शोधू द्या; लसावि इतक्या गोडीनं क्वचितच शिकवला जातो. महिने मात्र चंद्रावर चालत. ऋतूंशी मेळ राखायला आपल्या अधिक मासासारखा तेरावा महिना धरत.

काही हाडांवर या साठ जोड्या नवशिक्या, वेड्यावाकड्या हातानं गिरवलेल्या आहेत. शिकाऊ लेखनिकांचा तो सराव, असं अभ्यासक मानतात.