घड्याळजींच्या खोऱ्यातला माउस

संगणकाच्या माउसचा शोध कोणी लावला, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हमखास विचारला जातो आणि आपली मुले चटकन ‘डग्लस एंगेलबार्ट’ असे उत्तर देतात. उत्तर बरोबरच आहे. पण एखादी वस्तू सुचणे, आणि ती टिकाऊ होऊन सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत टेबलावर येणे, यांत बरेच अंतर असते. माउसला हे अंतर कापायला वीस वर्षे लागली. त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा स्वित्झर्लंडमधल्या घड्याळजींच्या खोऱ्यात आहे. त्याची माहिती आमच्या सभासदांसाठी, विशेषतः शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी, येथे देत आहोत.

लाकडी ठोकळ्यापासून सुरुवात

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एंगेलबार्ट काम करत होते. त्यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माउस बनवला. तो म्हणजे हातात मावणारा लाकडी ठोकळा. खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत एंगेलबार्ट यांनी तो जगाला दाखवला. त्याच सुमारास जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीनेही गोळी फिरवून चालणारे असेच एक उपकरण आपल्या संगणकासाठी स्वतंत्रपणे तयार केले होते. म्हणजे कल्पना दोन ठिकाणी सुचली होती.

एंगेलबार्ट यांच्या माउसचे पेटंट १९७० साली मंजूर झाले, पण ते संस्थेच्या मालकीचे होते. पुढे कोट्यवधी माउस विकले गेले, तरी मूळ संशोधकाला त्यातून मानधन मिळाले नाही.

पुढे बिल इंग्लिश झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात गेले आणि माउसही त्यांच्याबरोबर गेला. तेथील ‘आल्टो’ संगणकाला १९७३ पासून माउस जोडलेला असे. बर्कली शहरात जॅक हॉली यांनी ‘माउस हाउस’ नावाचा छोटा उद्योग काढून असे माउस बनवले, पण त्यांची किंमत चारशे डॉलरच्या आसपास होती. एवढ्या पैशांत माउस घेणार कोण? संशोधन केंद्रे सोडली तर कोणीच नाही.

वाले द जू आणि देप्रा कारखाना

आता आपण स्वित्झर्लंडला जाऊ. फ्रान्सच्या सीमेलगत जुरा पर्वतात ‘वाले द जू’ नावाचे उंचावरचे थंड खोरे आहे. हिवाळा लांब, शेती बेताची. त्यामुळे तेथील शेतकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या घरात बसून घड्याळांचे बारीक भाग बनवत आली. केसाएवढे स्क्रू आणि डोळ्याला भिंग लावून दिसणारे दाते, हे त्यांचे रोजचे काम.

सत्तरच्या दशकात या धंद्यावर मोठे संकट आले. जपानी क्वार्ट्झ घड्याळे स्वस्त होती आणि वेळही अधिक अचूक दाखवत. स्विस घड्याळ उद्योगात १९७० साली सुमारे नव्वद हजार लोक काम करत होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांतले जेमतेम एक तृतीयांश उरले. हातातली कला शाबूत होती, पण तिला गिऱ्हाईक राहिले नव्हते.

त्याच काळात जवळच्या लोझान शहरातल्या संघीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक जाँ-दान्येल निकू छोट्या संगणकांवर काम करत होते. त्यांना चांगला माउस हवा होता. त्यांच्याबरोबर आंद्रे गीन्यार होते. ते अभियंता होते आणि घड्याळजीही. दोघांनी मिळून माउसची रचना नव्याने केली : आत कडक रबराची एकच गोळी आणि वर तीन बटणे. खोऱ्यातल्या ल ल्यू या गावी असलेल्या देप्रा कारखान्याने तो बनवायला घेतला. अर्धगोलाच्या आकाराचा हा माउस पालथ्या वाटीसारखा दिसे आणि तळहातात नेमका बसे.

झुरिकमध्ये निक्लाउस विर्थ यांनी ‘लिलिथ’ नावाचा संगणक बांधला, त्यालाही माउस होता. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या ‘ब्लिट’ टर्मिनलला जोडलेला देप्राचा लाल माउस तर जुन्या प्रोग्रामरांना आजही आठवतो.

गोळी काय करत असे?

आमच्यापैकी अनेकांनी सायबर कॅफेत किंवा ऑफिसात गोळीचा माउस वापरला आहे. खालचे झाकण फिरवून गोळी काढायची आणि आतल्या दांड्यांवर साचलेला मळ नखाने खरवडायचा, हे काम ज्याने केले नाही असा त्या काळचा संगणकवाला विरळाच. त्या दांड्या कशासाठी होत्या, ते समजून घेऊ.

आत दोन बारीक दांड्या काटकोनात असतात. गोळी टेबलावर गडगडली की त्याही फिरतात. एक आडवी हालचाल मोजते आणि दुसरी उभी. प्रत्येक दांडीच्या टोकाला खाचा पाडलेली चकती असते. चकतीच्या एका बाजूला छोटा दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा भाग. चकती फिरली की प्रकाश दिसतो, अडतो, पुन्हा दिसतो. ही उघडझाप किती वेळा झाली ते मोजले की माउस किती सरकला ते कळते.

मग दिशा कशी कळते? त्यासाठी प्रकाश ओळखणारे दोन भाग किंचित मागेपुढे बसवलेले असतात. आधी पहिल्याचा प्रकाश अडला तर माउस उजवीकडे गेला, आधी दुसऱ्याचा अडला तर डावीकडे. हे सगळे मुठीएवढ्या डबीत, न अडखळता, लाखो वेळा व्हायला हवे. चकती किंचित वाकडी बसली तरी बाण पडद्यावर उड्या मारू लागतो. म्हणूनच या कामाला घड्याळजीचा हात लागला.

आप्ल गावातली कंपनी

२ ऑक्टोबर १९८१ रोजी याच व्हो प्रांतातल्या ‘आप्ल’ या खेड्यात तीन मित्रांनी एक कंपनी सुरू केली. गंमत म्हणजे या गावाचे नाव इंग्रजीत लिहिले की ‘ॲपल्स’ असेच वाचले जाते! दान्येल बोरेल स्विस, तर पिएरलुईजी झाप्पाकोस्ता आणि जाकोमो मारिनी इटालियन. बोरेल आणि झाप्पाकोस्ता यांची ओळख स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकताना झाली होती. फ्रेंच भाषेत सॉफ्टवेअरला ‘लोजिसिएल’ म्हणतात, त्यावरून त्यांनी कंपनीचे नाव ‘लॉजिटेक’ ठेवले.

नावाप्रमाणे त्यांना सॉफ्टवेअरचाच धंदा करायचा होता. माउस त्यांच्या वाट्याला जोडधंदा म्हणून आला. १९८२ साली त्यांनी ‘पी-४’ या नावाने पहिला माउस बाजारात आणला, तो देप्राचाच. मग लक्षात आले की लोकांना सॉफ्टवेअरपेक्षा माउसच जास्त हवा आहे. १९८४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डला माउस पुरवण्याचे काम मिळाले आणि कंपनीची दिशा बदलली.

१९८५ साली दोन गोष्टी घडल्या. रने सोमेर या अभियंत्याने निकू-गीन्यार यांच्या रचनेत मायक्रोप्रोसेसर घातला, म्हणजे मोजणीचे काम माउसच करू लागला. आणि कंपनीने ‘सी-७’ हा माउस थेट गिऱ्हाइकाला ९९ डॉलरला विकायला काढला. त्याला वेगळा वीजपुरवठा लागत नसे, संगणकाच्या जोडणीतूनच लागेल तेवढी वीज तो घेई. दोन वर्षांपूर्वी मायक्रोसॉफ्टचा माउस १९५ डॉलरला आला होता, हे लक्षात घेतले की या किमतीचे महत्त्व कळते.

मागणी वाढली तसे कारखाने बाहेर गेले : १९८६ मध्ये तैवानमधील शिंचू, १९८८ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क, १९९४ मध्ये चीनमधील सुचौ. १९९६ साली कंपनीचा दहा कोटीवा माउस तयार झाला आणि डिसेंबर २००८ मध्ये शंभर कोटीवा. तोपर्यंत गोळी जाऊन तिच्या जागी प्रकाशाने पृष्ठभाग टिपणारा माउस आला होता.

आपल्यासाठी काय?

या हकिकतीत एकच नायक शोधू नये, असे आम्हांला वाटते. एंगेलबार्ट यांना ते सुचले. निकू आणि गीन्यार यांनी ते नीट चालवून दाखवले. बोरेल आणि मंडळींनी ते परवडेल असे केले. यांतला एक जरी नसता तरी माउस प्रयोगशाळेतच राहिला असता.

आम्हांला सर्वांत जवळची वाटली ती खोऱ्यातल्या कारागिरांची गोष्ट. पूर्वजांनी मुलूख सोडला तेव्हा हातातली विद्या बरोबर नेली, कोणी दप्तराची, कोणी गवंडीकामाची, कोणी सोनारकामाची, हे आपल्या घरांना ठाऊक आहे. गिऱ्हाईक बदलले की तीच विद्या नव्या कामाला लावावी लागते. ‘हा धंदा आता संपला’ असे आपण घरातल्या जुन्या कामाबद्दल मुलांसमोर सहज बोलून जातो. तसे म्हणण्याआधी त्या कामातले नेमके काय संपले आणि काय उरले, हे एकदा पाहावे.

ज्यांच्या माळ्यावर जुना गोळीचा माउस पडला असेल त्यांनी तो मंडळाच्या वाचनालयात आणून द्यावा, ही विनंती. सुट्टीतल्या बालवर्गात मुलांना तो उघडून दाखवायचा आहे. आतल्या चकतीच्या खाचा त्यांनी स्वतः मोजाव्यात.