मृत जनावराचा स्वामी कोण? : कायदा, रूढी आणि मराठी-तमिळ साहित्य

चेन्नई महानगराच्या पोटात गिंडीचे राष्ट्रीय उद्यान आहे. अवघ्या पावणेतीन चौरस किलोमीटरांच्या या जंगलात चितळ आणि काळवीट राहतात. त्याच्या कडेने शहरातील वर्दळीचे रस्ते जातात. अशा रस्त्यावर रात्री एखादे चितळ वाहनाच्या धडकेने मेले आणि पहाटे कोणी ते मांसासाठी वा मासेमारीच्या आमिषासाठी उचलून नेले, तर त्यात गैर काय, असा प्रश्न सहज मनात येतो. जनावर त्याने मारलेले नसते, ते कोणाच्या मालकीचे आहे असे दिसत नाही, आणि पडून राहिले तर कुजणारच असते. परंतु भारतीय कायद्याचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. त्या नकारामागील तत्त्व समजून घेतले, की मराठी आणि तमिळ साहित्यांतील मृत मांसाच्या उल्लेखांकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी मिळते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील कलम ३९ अन्वये, मृत आढळलेला किंवा चुकीने मारला गेलेला वन्य प्राणी ही राज्य शासनाची मालमत्ता ठरते. केंद्र शासनाने घोषित केलेल्या अभयारण्यातील वा राष्ट्रीय उद्यानातील प्राणी केंद्राचा. अशी मालमत्ता ज्याच्या ताब्यात येईल त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यास वा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळविले पाहिजे. लेखी पूर्वपरवानगीवाचून ती बाळगणे, दुसऱ्यास देणे वा नष्ट करणे या तिन्ही गोष्टी निषिद्ध आहेत. म्हणजे प्राणी कोणी मारला हा प्रश्न येथे गौण ठरतो. तो कोणाच्या हाती आहे, हा मुख्य. आमिषाचा विचार याहून पुढे जातो. ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत वन्य प्राण्यास आमिष लावणे याचाही समावेश असल्याने, संरक्षित प्राण्याला भुलविण्यासाठी मृत देह ठेवणे ही स्वतंत्रपणे शिकारच ठरते.

हा नियम सर्वच प्राण्यांना लागू नाही. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आणली. आता पहिल्या वा दुसऱ्या अनुसूचीत ज्याचे नाव आहे तोच प्राणी कायद्याच्या अर्थाने ‘वन्य प्राणी’ होय. चितळ त्यात येते, घोरपडही येते. सर्वसाधारण उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबत ती अधिक कठोर आहे.

या कायद्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. चेन्नईच्या परिसरातील इरुळा समाजाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. साप पकडून त्यांची कातडी विकणे हे या समाजाच्या उपजीविकेचे एक मुख्य साधन होते. १९७२ चा कायदा आणि त्यानंतर १९७६ मध्ये कातड्यांच्या निर्यातीवर आलेली बंदी यांमुळे, कालपर्यंत जे कौशल्य होते तेच अपराध ठरले. १९७८ मध्ये इरुळा सर्पग्राहकांची औद्योगिक सहकारी संस्था स्थापन झाली. महाबलीपुरमच्या वाटेवरील वडनेम्मेली येथे ही संस्था शासनाच्या परवानगीने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष काढते, ते प्रतिविषाच्या निर्मितीसाठी पुरविते आणि साप पुन्हा रानात सोडते. प्राणी शासनाचा राहिला. त्याच्याविषयीचे ज्ञान मात्र इरुळांचे राहिले. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळा सर्पग्राहकांना पद्मश्री देण्यात आली.

पाळीव जनावराची गोष्ट निराळी आहे. रस्त्यावर मेलेल्या गाई-म्हशीवर तिच्या धन्याचा हक्क कायम असतो, आणि धन्याचा शोध न घेता तिचा अपहार करणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या व १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कक्षेत येणारा गुन्हा आहे. विक्रीचा मार्गही बंदच आहे. कारण अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार मांसासाठीच्या जनावराची कत्तलीपूर्वी तपासणी व्हावी लागते, आणि मेलेल्या जनावराची ती होऊच शकत नाही. परंतु खेड्यात हा प्रश्न कायद्याने नव्हे तर रूढीने सोडविला होता. महाराष्ट्रात मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांचे काम, आणि त्याचे मांस व बहुधा कातडे हा त्या कामाचा मोबदला. या व्यवस्थेला ‘हक्क’ हा शब्द लावला जाई, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. जे नाकारता येत नाही त्याला हक्क म्हणावे काय, हाच पुढे वादाचा विषय झाला.

मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. त्यानंतरच्या काळात महार वतनाच्या कायद्यात सुधारणा करण्यासाठी त्यांनी मुंबई विधिमंडळात विधेयकही मांडले. ही दोन्ही पावले एकाच विचाराची आहेत. मांसाचा त्याग हा केवळ आहारशुद्धीचा कार्यक्रम नव्हता. मोबदल्याच्या रूपाने आलेली बांधिलकी परत करण्याचा तो व्यवहार होता. वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला, म्हणजे कायद्याने जे तीन दशकांनी केले ते लोकांनी आपल्या ताटापासून आरंभिले होते.

मराठी आणि तमिळ भक्तिपरंपरांत या व्यवहाराच्या खुणा समांतर आढळतात. बाराव्या शतकातील सेक्किळारांच्या ‘पेरियपुराणम्’मधील नंदनार हा भक्त देवळांतील वाद्यांसाठी कातडे आणि तंतू पुरवितो, त्याने दिलेले कातडे देवासमोर वाजते, तो स्वतः मात्र वेशीबाहेर राहतो, आणि चिदंबरम येथे अग्नीतून गेल्यावरच त्यास प्रवेश मिळतो. पंढरपूरच्या चोखोबांना ढोरे ओढण्याचे काम होते, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी देवळाच्या महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ आहे. दोन्ही कथांत मृत जनावराचा अंश आत जातो आणि तो आणून देणारा उंबरठ्यावर थांबतो. फरक शेवटात आहे. तमिळ कथेत प्रवेश मिळतो, पण देहाचे रूपांतर झाल्यावर; मराठी कथेत उंबरठाच समाधिस्थान होतो.

आधुनिक आत्मकथनांत हाच व्यवहार भक्तीच्या आवरणावाचून येतो. दया पवारांच्या ‘बलुतं’चे (१९७८) शीर्षकच एका करारपद्धतीचे नाव आहे. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या हिंदी ‘जूठन’मध्ये (१९९७) शाळकरी मुलावर मेलेल्या बैलाचे कातडे सोलण्याची वेळ येते. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मांस वाळवून केलेल्या चान्यांसह मराठवाड्यातील दलित स्वयंपाकाची नोंद सापडते. या पुस्तकांतील मृत मांसाला समीक्षा पुष्कळदा भुकेची प्रतिमा मानते. ते अपुरे आहे. तेथे वाटणीचा, मालकीचा आणि सक्तीचा एक अलिखित कायदा नोंदविलेला असतो, आणि तो कायदा म्हणूनच वाचला पाहिजे.

मृत मांसाच्या नियमाने आपला आणि परका यांच्यातील रेघ आखणे अन्यत्रही आढळते. बायबलमधील अनुवादाच्या पुस्तकात आपोआप मेलेले जनावर स्वकीयांना वर्ज्य आहे, परंतु वेशीच्या आतील उपऱ्याला ते देता येते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कुत्र्याने वा हिंस्र पशूने मारलेल्या जनावराचे मांस शुद्ध मानले आहे. अलीकडे अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याने १ जानेवारी २०१९ पासून रस्त्यावर मेलेले हरीण परवान्याने नेण्यास मुभा दिली. शिंगे मात्र शासनाला परत करावी लागतात. अलास्कात अशा मूस हरणाचे मांस धर्मादाय संस्थांकडे जाते. तेथेही प्राणी शासनाचाच. फक्त शासन तो वाटून देते.

भारतात मात्र कायद्याचा नकार आणि रूढीची सक्ती एकाच रस्त्यावर भेटतात. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनानजीकच्या मोटा समढियाळा येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलितांना गोहत्येच्या आरोपावरून मारहाण झाली. जे काम त्यांच्यावर लादले होते, तेच त्यांचा अपराध ठरविले गेले. त्यानंतर सुरेंद्रनगर येथे मृत जनावरे जिल्हाधिकारी कार्यालयापुढे आणून टाकण्यात आली. मृत जनावर उचलण्यास नकार देणे आणि ते सत्तेच्या दारात ठेवणे, या कृतीत महाडचाच प्रश्न पुन्हा विचारला गेला होता. रस्त्यावर पडलेला देह बेवारस कधीच नसतो. त्याचा धनी कोण हे कायदा सांगतो. तो उचलण्याचे काम कोणावर पडले हे साहित्य सांगते. या दोन उत्तरांतील अंतर मोजणे हे तौलनिक अभ्यासाचे काम आहे.