अकरा सेंटिमीटरची गाडी, किन्हवलीचा रस्ता

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. या टप्प्याचा मोठा भाग शहापूर तालुक्यातला. कसाऱ्याच्या घाटात ट्रकमागे ट्रक रखडलेले पाहत ज्यांची हयात गेली, त्यांच्याच शिवारातून आता जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडलेल्या मोटारी निघून जातात. सपाटीवर ताशी १२० किलोमीटरची मुभा, दुचाकी-तिचाकीला बंदी, वाटेत ना गाव ना गुरं. पोर्शे किंवा लॅम्बॉर्गिनी पळवायची तर रस्ता असाच हवा.

खुटघरला समृद्धीवरून खाली उतरून शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड अशी वाट धरली की गोष्ट बदलते. स्पोर्ट्‌स कार रोजची गाडी म्हणून वापरता येते का, हा प्रश्न जगभर इंजिन, देखभाल आणि पेट्रोल यांच्या हिशेबात सोडवला जातो. इथे तो सेंटिमीटरमध्ये सोडवावा लागतो.

अशा गाड्या रोज वापरणं ही काही नवी कल्पना नाही. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आलेली पोर्शे ९११ त्याच बळावर सहा दशकं टिकली. इंजिन मागे, सामानाची जागा पुढे, पाठीमागे मुलांपुरत्या दोन बैठका आणि समोरचा रस्ता स्वच्छ दिसेल अशी काच. १९९० साली होंडाने एनएसएक्स काढून दाखवली, तेव्हा वेगवान गाडी म्हणजे सतत गॅरेजात उभी, हा समजही मागे पडला. आजच्या अशा गाडीत एसी चालतो, गिअर आपोआप बदलतात, गर्दीत ती मुकाट सरकते. अडचण तिच्या पोटाखाली आहे.

साध्या ९११ चं पोट रस्त्यापासून साधारण ११ सेंटिमीटर वर असतं. बोलेरोचं १८. आता समोर स्पीडब्रेकर आला असं धरू. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात त्याचं माप ठरलेलं आहे: उंची १० सेंटिमीटर, रस्त्याच्या दिशेने लांबी ३ मीटर ७० सेंटिमीटर आणि माथा १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा. म्हणजे मोठ्या परातीची पाठ जशी सावकाश चढते-उतरते, तसा. ९११ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे २ मीटर ४५ सेंटिमीटर अंतर असतं. एवढ्या लांबट उंचवट्यावर तिची चारही चाकं एकदम चढलेली असतात, त्यामुळे दोन चाकांच्या मधोमध रस्ता वर येतो तो फक्त साडेचार सेंटिमीटर. अकरातून साडेचार गेले तरी साडेसहा उरले. सावकाश नेली तर गाडी अंगाला ओरखडाही न लागता पार होते.

तोच १० सेंटिमीटरचा उंचवटा एका मीटरच्या लांबीत उभा केला की हिशेब फिरतो. पुढची चाकं उतरून गेली, मागची अजून चढायची आहेत आणि सगळेच्या सगळे १० सेंटिमीटर पोटाखाली. उरला एक. त्यात दोन माणसं आणि एक बॅग असेल तर स्प्रिंग तेवढी दबतेच. नाकाची गत आणखी वाईट: मापाच्या उंचवट्याचा चढ सुरुवातीला सहा अंशांच्या आसपास असतो, या आखूड उंचवट्याचा बावीस-तेवीस अंशांचा. मग चालक गाडी तिरकी घालतो, एकेक चाक चढवतो, मागे दुधाचा टेम्पो हॉर्न देत राहतो.

खड्ड्यांचं गणित टायरवरच छापलेलं असतं. ९११ च्या पुढच्या टायरवर २३५/४० असं लिहिलेलं दिसतं: रुंदी २३५ मिलिमीटर आणि रिमपासून खाली रबराची उंची त्याच्या ४० टक्के, म्हणजे ९४ मिलिमीटर. लॅम्बॉर्गिनी हुराकानला पुढे ती जेमतेम ७३ भरते. बोलेरोच्या २१५/७५ टायरला १६१. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची कड बसली की एवढंसं रबर रिम आणि डांबर यांच्यामध्ये चेंगरतं, आतले धागे तुटतात आणि टायरला बाजूने फुगा येतो. खिळा घुसला तर नाक्यावरचा पंक्चरवाला दहा मिनिटांत काम करून देईल. फुग्याला इलाज नाही, टायर बदलायचाच. आणि यातल्या बऱ्याच गाड्यांना स्टेपनी नसते, फोमची बाटली आणि हवा भरायचा छोटा पंप एवढंच मिळतं.

कंपन्यांनाही हे कळलेलं आहे. १९८४ ची पॅरिस-डकार शर्यत जिंकणाऱ्या गाडीच्या आठवणीत पोर्शेने २०२२ मध्ये ९११ डकार काढली. तिचं पोट १६ सेंटिमीटरवर, बटण दाबलं की १९. बोलेरोच्याही वर! लॅम्बॉर्गिनीने हुराकान स्टेराटो ४४ मिलिमीटरने उचलली. आपल्याकडे मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांनी २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत अवंती ही दोन जणांची स्पोर्ट्‌स कार मांडली, तिच्या पोटाखाली १७ सेंटिमीटर मोकळे ठेवले होते. भारतीय रस्ता डोळ्यांसमोर ठेवून काढलेला हा आकडा होता आणि तो मनापासून दाद देण्याजोगा आहे.

पण गाडी उचलून प्रश्न सुटतो तो गाडीवाल्याचा. उंचवटा जिथल्या तिथेच राहतो.

तो तिथे का आला, हेही समजून घ्यायला हवं. शाळा सुटताना भरधाव गाडी येते, पोर जखमी होतं, गाव रस्त्यावर उतरतं आणि दोन दिवसांत काँक्रीटचा वरवंटा आडवा पडतो. गावाची मागणी शंभर टक्के रास्त. चुकतं ते माप. मानकाप्रमाणे ४० मीटर आधी फलक हवा, उंचवट्यावर काळे-पांढरे पट्टे हवेत. हे दोन्ही नसतील तर रात्री अनोळखी माणसाला तो दिसतो तो झटका बसल्यावरच. १७ मीटर त्रिज्येची गोलाई नजरेने साधत नाही, तिला फर्मा लागतो: पावणेचार मीटरची फळी खालून त्या वळणात कापायची आणि डांबर गरम असताना त्यावरून फिरवून पाहायचं. एक फळी शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांना पुरेल.

तिची गरज स्पोर्ट्‌स कारपेक्षा कितीतरी जास्त लोकांना आहे. आसनगावला कसारा लोकल गाठायला मोटारसायकलवर पुढे टाकीशी मूल आणि मागे बायको घेऊन निघालेला माणूस हाच झटका पाठीच्या मणक्यावर घेतो. भाजीच्या पिकअपमधले टोमॅटोचे क्रेट तो घेतात. किन्हवलीकडून दिवस भरलेली बाई घेऊन शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघालेला इकोचा ड्रायव्हर प्रत्येक उंचवट्याआधी गाडी पार पहिल्या गिअरवर आणतो, मागे वळून म्हणतो, “ताई, धरून बसा,” आणि ताईने त्याआधीच दोन्ही हात पोटाखाली धरलेले असतात.