जुन्या लॅपटॉपवर ‘विंडोज ११’ : खर्च करण्यापूर्वी पात्रता तपासणे आवश्यक

नवी दिल्ली : ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही. मात्र त्यानंतर उघडकीस येणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटी नियमितपणे दुरुस्त करून देण्याचे कंपनीचे बंधन संपुष्टात आले. बँकेचे व्यवहार, शासकीय अर्ज आणि मुलांचा अभ्यास ज्या लॅपटॉपवर चालतो, तो सात-आठ वर्षांचा जुना असल्यास त्यावर ‘विंडोज ११’ चालवावी की नवा लॅपटॉप घ्यावा, असा प्रश्न अनेक कुटुंबांसमोर आहे.

या प्रश्नात दोन स्वतंत्र बाबी मिसळल्या जातात. एक, लॅपटॉपचा वेग. दुसरी, त्याची पात्रता. वेग माफक खर्चात वाढवता येतो. पात्रता मात्र लॅपटॉपच्या मूळ घडणीवर अवलंबून असते आणि बहुतेक वेळा ती पैसे खर्चूनही मिळत नाही. म्हणूनच दुकानात जाण्यापूर्वी पात्रता तपासणे हिताचे ठरते.

पात्रतेच्या अटी कोणत्या?

‘विंडोज ११’ ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी उपलब्ध झाली. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणक्षमता या तिच्या अटी बहुतेक जुने लॅपटॉप पूर्ण करतात. खरा अडसर अन्य तीन अटींचा आहे : ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा यंत्रणा, ‘सिक्युअर बूट’ची सोय आणि मान्यताप्राप्त यादीतील प्रोसेसर. काही अपवाद वगळता इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर या यादीत आहेत. इंटेलची आठवी पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. त्यामुळे त्यापूर्वी घेतलेले बहुसंख्य लॅपटॉप अपात्र ठरतात.

टीपीएम म्हणजे संगणकातील गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारी जणू वेगळी तिजोरी. माहिती कूटबद्ध करण्यासाठी लागणाऱ्या किल्ल्या तिच्यात राहिल्याने त्या चोरणे घातक सॉफ्टवेअरला अवघड जाते. ‘सिक्युअर बूट’मुळे संगणक सुरू होताना केवळ अधिकृत स्वाक्षरी असलेली प्रणालीच उघडते.

मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या विनामूल्य ॲपद्वारे पात्रता तपासता येते. टीपीएम नसल्याचा निर्वाळा मिळाला, तरी तो लगेच अंतिम मानू नये. अनेक लॅपटॉपमध्ये ही सोय असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. तेथे तिचे नाव ‘इंटेल पीटीटी’ किंवा ‘एएमडी एफटीपीएम’ असेही आढळते. बायोसमधील बदलापूर्वी सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. डिस्क ‘बिटलॉकर’ने कूटबद्ध केली असेल, तर तिची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी, अन्यथा स्वतःचीच माहिती कुलूपबंद होण्याचा धोका असतो.

संथपणाचे मूळ कोठे?

लॅपटॉप पात्र असूनही संथ असेल, तर दोष बहुधा प्रोसेसरचा नसून जुन्या हार्ड डिस्कचा असतो. लॅपटॉपमधील सर्वसाधारण हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते; म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. विखुरलेल्या शेकडो लहान फाइली वाचताना प्रत्येक वेळी ही प्रतीक्षा करावी लागते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ती टळते.

रॅम कमी असल्यास अडचण दुणावते. ४ जीबी रॅम भरली, की प्रणाली काही मजकूर डिस्कवर हलवते आणि संथ डिस्कवर ही ये-जा जाणवू लागते. एसएसडी बसवून रॅम ८ जीबी केल्यास दैनंदिन कामासाठी लॅपटॉप पुन्हा उपयुक्त होऊ शकतो. मात्र काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य बोर्डावरच कायमची जोडलेली असते. तेथे ती बदलता येत नाही. खरेदीपूर्वी मॉडेल क्रमांकावरून हे पाहून घ्यावे.

आडवाटेचा धोका

अपात्र लॅपटॉपवर तपासणी चुकवून ‘विंडोज ११’ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत आणि त्या अनेकदा यशस्वीही होतात. परंतु अशा संगणकांना पुढील अद्ययावतीकरण मिळेलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २०२४ च्या आवृत्तीत प्रोसेसरकडून अपेक्षित असलेल्या काही आज्ञा फार जुन्या प्रोसेसरमध्ये नसल्याने त्यांवर ती सुरूच होत नाही. सुरक्षेसाठी प्रणाली बदलायची आणि सुरक्षेची हमीच गमवायची, असा हा व्यवहार ठरू शकतो.

अपात्र लॅपटॉपचे काय करावे?

घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची विस्तारित सुरक्षा योजना जाहीर केली असून, मूळ घोषणेनुसार तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याशी संगणकाच्या सेटिंग्ज जोडून, कंपनीचे १,००० रिवॉर्ड गुण वापरून किंवा ३० डॉलर भरून तिच्यात सहभागी होण्याचे पर्याय घोषणेत देण्यात आले. हा तात्पुरता दिलासा आहे, कायमचा तोडगा नव्हे.

दुसरा पर्याय लिनक्सचा. ‘लिनक्स मिंट’ ही विनामूल्य प्रणाली किमान २ जीबी रॅमवर चालते; ४ जीबी असल्यास अधिक सुलभपणे. पेनड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हात न लावता ती आजमावता येते. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक तिच्यात उपलब्ध आहे. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे, तर केरळमधील शासकीय शाळांत मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिक्षण दिले जाते.

तथापि, केवळ विंडोजसाठी बनलेली लेखा किंवा मुद्रणपूर्व सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतीलच असे नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये साठवलेला मराठी मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणेही इष्ट. ज्यांचे काम मुख्यतः ब्राउझर, ई-मेल आणि पत्रलेखन एवढेच आहे, त्यांना हा बदल तुलनेने सोपा जातो.

नवा लॅपटॉप घेणे अपरिहार्य ठरले, तर जुन्याची डिस्क पूर्ण पुसून तो नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारात टाकलेल्या न पुसलेल्या डिस्कवरील बँकेची कागदपत्रे आणि ओळखपत्रांच्या प्रती मात्र मालकाच्याच जोखमीवर राहतात.